पालीला झाडू, इग्वानाला हीटर

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एक वन्यप्राणी आधीपासूनच राहतो. त्याला खाऊ घालावं लागत नाही, फिरायला न्यावं लागत नाही, त्याचे केस सोफ्याला चिकटत नाहीत. ट्यूबलाइटच्या आडोशाला बसून तो रात्रभर किडे टिपतो आणि सकाळी कॅलेंडरच्या मागे जाऊन झोपतो. त्याचं नाव पाल. ती भिंतीवर दिसली की घरातला कर्ता पुरुष झाडू मागवतो आणि स्वतः दाराशी उभा राहून बायकोला नेम कसा धरायचा ते सांगतो. त्याच घरातला बारावीचा मुलगा त्याच आठवड्यात जाहीर करतो की, नव्वद टक्के पडले तर मला इग्वाना हवा.

इग्वाना हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला झाडावर राहणारा सरडा. शेपटी धरून दीड मीटरपर्यंत वाढतो. नात्याने तो पालीचाच लांबचा भाऊ, पण परदेशस्थ. आणि परदेशस्थ नातेवाइकाची बडदास्त कशी ठेवायची, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. त्याला त्याच्या मुलखातलं ऊन लागतं, म्हणून काचेच्या पेटीत त्याच्यासाठी खास दिवे आणि हीटर. पेटीबाहेर दिवाणखान्यात आपल्यासाठी एसी. एकाच खोलीत एकाला गार आणि दुसऱ्याला गरम ठेवायचं बिल बाबा भरतात. पाल मात्र आपल्या पायांनी, फुकट आली ना, मग तिला झाडू.

वन्यप्राणी घरात पाळावा का, या प्रश्नाला माझं उत्तर सोपं आहे. जो आपणहून आला आणि ज्याला वाटेल तेव्हा निघून जाता येतं, त्याला राहू द्यावं. बाकी कुणाला आणू नये. सदर खरं तर इथेच संपतं, पण पान भरायचंय आणि पाळणाऱ्यांकडे युक्तिवाद फार आहेत.

पहिला युक्तिवाद: आम्ही रीतसर विकत घेतलाय. वा! कुठून घेतला? दुकानातून. दुकानात कुठून आला? इथे आवाज जरा खाली येतो. मुंबई विमानतळावरचे कस्टमवाले याबद्दल जास्त मोकळेपणाने बोलतील. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगा उघडल्या की आत काय निघेल याचा नेम राहिलेला नाही. कासवं, इग्वाना, माकडांची पिल्लं, साप. २०२३ च्या डिसेंबरात तर बिस्किट-केकच्या पाकिटांत दडवलेले साप सापडले, त्यात पश्चिम आफ्रिकेतले बॉल पायथन. आपल्याकडे आजवर मंडळी बँकॉकहून परफ्युम आणि दोन-चार लपवलेल्या आठवणी आणायची. आता जिवंत साप आणतात. जे पिल्लू बॅगेत गुदमरून मरतं त्याचं बिल कुणी फाडत नाही, आणि जे वाचतं ते मात्र ‘रीतसर विकत घेतलेलं’ असतं.

दुसरा युक्तिवाद जास्त गोड. आम्ही त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळतो, तो आता माणसाळलाय. इथे मला अकबर बादशहाची आठवण होते. प्राणी पाळायच्या बाबतीत त्याच्याइतकी ऐपत, जागा आणि नोकरचाकर तुमच्या-माझ्या सोसायटीत कुणाकडे नाहीत. काळविटाच्या शिकारीसाठी त्याने आयुष्यभरात नऊ हजार चित्ते जमवले, असं सांगतात. रत्नजडित पट्टे, पालख्या, चित्त्यांच्या दिमतीला माणसं. चित्ते माणसाळले होते यात शंकाच नाही. डोळ्यांवरची पट्टी काढली की धावत जायचे, शिकार धरायचे. पण त्यांची जोडी लावायचे सगळे प्रयत्न फसले. पुढे जहांगीराच्या काळात, १६१३ च्या सुमारास, एका मादीला तीन पिल्लं झाली आणि बादशहाने ते नवल आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं. कशी झाली? एक नर गळ्यातला पट्टा सोडवून निसटला आणि स्वतःच मादीकडे गेला. त्यानंतर पिंजऱ्यात चित्त्याची पैदास झाल्याची नोंद व्हायला थेट १९५६ साल उजाडावं लागलं, तीही अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात.

म्हणजे शतकानुशतकं हा प्राणी माणसाच्या हाताने खात राहिला, आणि दर पिढीला नवा चित्ता रानातूनच पकडून आणावा लागला. इथले संपायला आले तशी संस्थानिकांनी आफ्रिकेतून मागवायला सुरुवात केली. आपलं कोल्हापूर त्यात पुढे होतं. १९४७ साली मध्य भारतातल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी रात्री तीन चित्ते टिपले आणि भारतातला चित्ता संपल्यातच जमा झाला. तो संपला त्याला शिकार आणि उजाड झालेली माळरानं कारण आहेतच, पण लाडाने पाळण्यासाठी पिढ्यान् पिढ्या पकडून नेलेले चित्ते त्या हिशेबात कुणी धरत नाही.

लळा लागणं एका प्राण्याचं असतं, पाळीव होणं सबंध जातीचं. लळा महिन्याभरात लागतो. पाळीव होण्याचं काम कसं चालतं ते सैबेरियात पाहायला मिळालं. १९५९ साली दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीतले माणसाला कमीत कमी घाबरणारे तेवढे निवडायचे आणि फक्त त्यांचीच पैदास करायची. दहाव्या पिढीला शंभरातले अठरा कोल्हे माणूस दिसला की शेपटी हलवू लागले, हात चाटू लागले. काहींचे कान लोंबले, अंगावर पांढरे ठिपके आले. गंमत अशी की कोल्ह्यांना काही शिकवायचं नाही, लाड करायचे नाहीत, असा त्या प्रयोगाचा दंडकच होता. निवड, निवड आणि निवड. आणि एवढं करून शंभरात अठरा. तुमचं माकडाचं पिल्लू तर पहिल्या पिढीतलं आहे. ते बाटलीने दूध पितं, फ्रॉक घालतं, आजीच्या मांडीवर झोपतं. चार-पाच वर्षांचं झालं की त्याला टोळीत आपली जागा ठरवायची असते. घरातली टोळी म्हणजे तुम्ही. मग ज्या आजीच्या मांडीवर ते झोपायचं, तिच्याच दंडाला टाके पडतात. त्यानंतर ते ‘बिघडलं’ म्हणून घाटात नेऊन सोडतात, जिथे खरी माकडं त्याला ओळख दाखवत नाहीत. बिघडलं काहीच नव्हतं, मोठं झालं होतं.

आता पोपट. इथे मी आवाज चढवणार आहे, कारण सगळ्यात जास्त पत्रं इथूनच येतात.

‘पोपट कुठे वन्यप्राणी आहे हो?’ असं विचारणारे लोक शिकलेले असतात, कर भरतात, सिग्नल पाळतात. आणि त्यांच्या गॅलरीत, दीड फुटाच्या पिंजऱ्यात, एक हिरवा पक्षी वीस वर्षं एकाच दांडीवर बसलेला असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा कुठलाही पोपट, मग तो गळ्यात गुलाबी पट्टीवाला असो की मोठा पहाडी, पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती पुढच्या वर्षी एप्रिलपासून लागू झाली आणि दंडाची मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत गेली. तीन वर्षांपर्यंत कैद आधीपासूनच आहे. बेकायदा ठेवलेला वन्यप्राणी कायद्याने राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. तेव्हा काका, तुमचा मिठू एसटीच्या सीटइतकाच सरकारी आहे. घरी नेता येत नाही.

‘पण आम्ही त्याला काजू देतो.’ देता. आणि तो बोलतो म्हणून पाहुण्यांना बोलावून दाखवता. तो का बोलतो, माहीत आहे? पोपट थव्यात राहणारा पक्षी. थव्यातल्या आवाजात आवाज मिळवणं ही त्याची जगण्याची रीत. त्याचा थवा तुम्ही काढून घेतलात. उरलात तुम्ही, प्रेशर कुकर आणि मोबाईलची रिंगटोन. तो बिचारा त्या तिघांशी बोलायचा प्रयत्न करतोय. तुम्ही टाळ्या वाजवता.

तो आला कुठून, याची गोष्ट सांगितली तर काजू घशाखाली उतरणार नाहीत. हिवाळा सरता सरता पोपट झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. पिल्लं अंगावर पिसं येण्याआधी ढोलीतून उपसली जातात, टोपलीत कोंबली जातात, गावोगावच्या दलालांच्या हातून शहरात पोचतात. वाटेत किती मरतात याचा कुठलाही हिशेब दुकानदार ठेवत नाही. उरलेल्यांच्या पंखांची पिसं कातरतात आणि मग ‘पिंजऱ्याबाहेर काढला तरी उडत नाही, इतका लळा आहे’ अशी त्यांची ख्याती होते. मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटात धाडी पडतात, पोपट जप्त होतात, चार दिवस बातम्या येतात, पाचव्या दिवशी गिऱ्हाईक पुन्हा हळूच विचारतं, ‘देसी है क्या?’

आणि नियतीचा विनोद पाहा. हाच आपला पोपट पाळण्यासाठी इंग्लंडात गेला, तिथे पिंजऱ्यातून निसटला आणि आज लंडनच्या बागांतून हजारोंच्या थव्यांनी किरकिरत फिरतो. तिथले पक्षीवाले वैतागलेत. लंडनला मोकळा, पुण्यात पिंजऱ्यात. परदेशी गेल्याशिवाय आपल्या पोपटाचंही भलं होत नाही.

कायद्यातली पळवाट विचारणाऱ्यांसाठी: बजरीगर, ज्यांना आपण सगळे चुकून लव्हबर्ड म्हणतो, ते ऑस्ट्रेलियातले आणि पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले, त्यांना हा कायदा लागू नाही. मला तेही बघवत नाहीत, पण ते माझं मत झालं, गुन्हा नव्हे.

प्रेमाने पाळणाऱ्यांचं एक वेळ समजू शकतं. लोभाने पाळणाऱ्यांचं काय करायचं? कुणीतरी सांगतं की घरात स्टार कासव ठेवलं की पैसा येतो. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं हे कासव कोरड्या झुडपी माळावरचं. पाण्यात पोहणं त्याचा धर्म नाही. लक्ष्मीची वाट पाहणारे लोक त्याला माशांच्या टाकीत सोडतात आणि ते बुडतं. जगभरात त्याची इतकी तस्करी होते की २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारात त्याचा व्यापार जवळजवळ पूर्ण बंद करावा लागला. पैसा आला, पण तो कासव विकणाऱ्याकडे. आपल्या पूर्वजांनी यावर उत्तम तोडगा काढून ठेवला होता. देवळात शिरताना दिसतं ते कासव दगडी असतं. खायला लागत नाही, तीनशे वर्षं टिकतं, आणि पैसा तेही देत नाही.

मांडुळाची तऱ्हा तर याहून वरची. हा मातीत राहणारा, बिनविषारी, उंदीर खाणारा साप; शेतकऱ्याचा बिनपगारी नोकर. शेपटीचं टोक बोथट म्हणून लोकांना तो दुतोंड्या वाटतो. मग त्याला पुरलेलं धन दिसतं असं मांत्रिक सांगतो, म्हणून त्याची किंमत कोटींत. कोटींची किंमत सगळेच सांगतात, कोटी दिलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. पोलिसांनी पकडलेले मात्र दर महिन्याला पेपरात दिसतात. ज्याला धन दिसतं, त्याला स्वतःला पकडायला येणारा माणूस कसा दिसत नाही, एवढा साधा प्रश्नही मांत्रिकाला कुणी विचारत नाही.

आणि ज्यांना कायद्याची भीती वाटते ते ‘विदेशी’ कासव आणतात. रुपयाच्या नाण्याएवढं, कानामागे लाल पट्टी, मुलांना वाढदिवसाला द्यायला छान. हे अमेरिकेतलं रेड-इअर्ड स्लायडर. खुद्द अमेरिकेने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली आहे, कारण मुलं ती तोंडात घालायची आणि साल्मोनेलाने आजारी पडायची. आपल्याकडे ते प्लास्टिकच्या डबीत मिळतं. पाच-सहा वर्षांत ते जेवणाच्या ताटाएवढं होतं, पाणी घाण वास मारतं, मुलगा मोबाईलकडे वळलेला असतो, आणि एका रविवारी सगळं कुटुंब ‘त्याला त्याच्या घरी सोडायला’ जवळच्या तलावावर जातं. त्याचं घर मिसिसिपीच्या खोऱ्यात आहे. कात्रजला नाही. तलावातल्या देशी कासवांच्या तोंडचा घास ते पुढची तीस वर्षं खातं. या पापाचा पुण्य म्हणून फोटो काढून स्टेटसला ठेवायची चाल आहे.

एवढ्यावर थांबेल तर ते राजकारण कसलं? २०१५ साली मध्य प्रदेशच्या पशुसंवर्धन मंत्री कुसुम मेहदेले यांनी वनखात्याला सुचवलं की लोकांना वाघ-सिंह पाळायची परवानगी द्यावी. थायलंडसारख्या देशांत चालतं, तिथे संख्या वाढते. पशुसंवर्धन खात्याचा हिशेब सरळ आहे. गाय वाढते तसा वाघ वाढेल. दुधाचं काय करायचं, ते नंतर बघू. थायलंडात काय चालतं ते पुढच्याच वर्षी जगाने पाहिलं. कांचनबुरीचं ‘वाघांचं मंदिर’, जिथे पर्यटक वाघाला बाटलीने दूध पाजत फोटो काढायचे, तिथे सरकारी धाड पडली. १३७ वाघ हलवले आणि स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये बछड्यांची ४० कलेवरं सापडली. अमेरिकेतही ओहायोच्या झेन्सव्हिल गावी २०११ साली एका माणसाने पाळलेल्या ५६ प्राण्यांपैकी बहुतेक मोकळे सोडून आत्महत्या केली. रात्रीच्या अंधारात पोलिसांना त्यातले बहुतेक गोळ्या घालून मारावे लागले. त्यात १८ वाघ होते. कुणाही माणसाला वाघाने मारलं नाही. वाघ मात्र संपले.

आपल्याकडे बिबट्याचा प्रश्न इतका चिघळलाय की जुन्नरचे आमदार २०२५ च्या हिवाळी अधिवेशनाला बिबट्याचा वेष घालून आले. विधिमंडळात इतके दिवस जे चालत आलंय ते पाहता बाहेरच्यांना फरक लगेच कळला नसेल, पण त्यांची तक्रार खरी आहे. उसात बिबटे आहेत, माणसं मरताहेत, पोरं मरताहेत, आणि पारावर बसून उपाय सुचवणाऱ्यांत आता ‘नाहीतर पाळायला द्या की’ म्हणणाराही भेटतो. त्याच्यासाठी एका बिबट्याची हकिगत. पारनेरजवळ टाकळी ढोकेश्वरला २००९ साली एक वयस्कर नर विहिरीत पडला. शांत स्वभावाचा, म्हणून बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. माग काढणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. आजोबा तिथून निघाले ते हायवे, रेल्वे, खाडी पार करत जवळपास सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचले. वाटेत कुणालाही धक्का लावला नाही. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. हा त्यातला शांत आणि म्हातारा. याला तुम्ही सहाशे चौरस फूट कार्पेट एरियात ठेवणार, आणि वर सोसायटीची एनओसी मागणार.

ऊसतोडीत बछडे सापडले की हल्ली आधी सेल्फी निघतो, मग वनखात्याला फोन जातो. खात्याची माणसं ते बछडे क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच सरीत ठेवतात आणि बाजूला होतात. बहुतेक वेळा रात्री आई येते आणि एकेकाला तोंडात धरून नेते. यात आपण करायचं काम एकच, हात न लावणं. नेमकं तेच आपल्याला जमत नाही.

कायदा सगळ्यांना सारखा, असं म्हणायची पद्धत आहे. आमच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन यायचा. अस्वलाच्या नाकातून दोर ओवलेला असायचा, ते क्रूरच होतं, आणि १९९८ साली अस्वल-माकडांच्या खेळांवर सरकारने बंदी घातली ते चांगलंच झालं. २००९ च्या सुमाराला शेवटचं नाचणारं अस्वलही सुटलं. दरवेशाला कुणी सहा महिन्यांची सवलत दिली नाही. २०२० साली मात्र केंद्र सरकारने घरात विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सांगितलं की सहा महिन्यांत ऑनलाइन नोंद करा, कुठून आणला याचे कागद मागणार नाही. ३२ हजारांहून जास्त लोकांनी नोंद केली. मकाव, काकाकुवा, इग्वाना, अजगर, सगळे एका क्लिकवर पवित्र झाले. अस्वल गरिबाच्या दोरीला असेल तर गुन्हा, अजगर श्रीमंताच्या काचेत असेल तर पोर्टल. २०२४ ला नोंदणीचे रीतसर नियमही आले, तेव्हा आता सबब नाही. पण तस्करीचा माल एकदा धुऊन निघाला तो निघाला.

एव्हाना कुणीतरी म्हणालं असेल, ‘मग हेमलकशाचं काय? प्रकाश आमटे बिबट्याशी खेळायचे ते चाललं?’ हा प्रश्न विचारणारे बहुधा हेमलकशाला सहलीने जाऊन आलेले असतात. तिथली सुरुवात कशी झाली हे त्यांना बोर्डावर वाचायला मिळालं असेल. तिथला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. भुकेल्या माडिया गोंडांनी मारून आणलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं दिसलं, ते आमट्यांनी मागून घेतलं, बदल्यात तांदूळ दिले. पुढे शिकारीत आई गेलेली पिल्लं येत राहिली. तिथे प्राणी आणला जात नव्हता, मारला गेलेल्यातून उरलेला येत होता. आणि ज्या भामरागडच्या जंगलात तो जन्मला, ते कुंपणापलीकडे होतं. आमटे पती-पत्नीने त्या जागेत आयुष्य घातलं. तुम्ही तिथे दोन तास घातलेत आणि परतताना गाडीत ठरवलंत की आपणही एखादं पाळू. आमट्यांचा दवाखाना पाहून तुम्हाला कधी आदिवासींवर मोफत उपचार करावेसे वाटले नाहीत, फक्त बिबट्याच आवडला.

वनखातंही काही देवदूत नाही. अमेठीच्या एका शेतकऱ्याला पाय मोडलेला सारस सापडला. त्याने तो बरा केला, मोकळा सोडला. पक्षी जाईना. तो शेतावर उडायचा, मोटरसायकलमागे उडायचा, वाटलं तर परत यायचा. पिंजरा नाही, दोरी नाही. व्हिडिओ गाजला, २०२३ च्या मार्चमध्ये खात्याने सारस नेला, शेतकऱ्यावर नोटीस बजावली, आणि अखेर तो मोकळा पक्षी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात जाळीमागे गेला. कायद्याचं पालन झालं. पक्ष्याचं नुकसान झालं. माझ्या पहिल्या परिच्छेदांतल्या नियमाला उतरणारा सबंध देशात हा एक सापडला होता, तोही सरकारने आत टाकला.

आणि आता ज्यावर बोललं की कोल्हापूरकर रागावतात ते. नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण. १९९२ पासून मठात होती. २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या ‘वनतारा’त हलवायला सांगितलं. लोक रडले, हजारोंनी पदयात्रा निघाली, गावच्या गावांनी वनतारा चालवणाऱ्या घराण्याच्या कंपनीचं सिमकार्ड बदललं. तो जिव्हाळा खोटा नव्हता. पण कोर्टापुढच्या अहवालांत तिच्या पायांच्या जखमा होत्या, वाढलेली नखं होती, सडलेले तळवे होते. हत्तिणी आई-मावशी-बहिणींच्या कळपात आयुष्य काढतात. माधुरीने तेहतीस वर्षं काँक्रीटवर, एकटीने काढली, तीही भक्तांच्या गर्दीत. कोर्टाचा निकाल मला बरोबर वाटतो. फक्त एका गोष्टीचं हसू येतं. मठातला प्राणी सुटला आणि देशातल्या सगळ्यात श्रीमंत घराण्याच्या केंद्रात गेला. रानाचं नाव दोन्ही बाजूंनी फक्त वकिलांनी काढलं.

तुमच्या घरात पोपट असेल, तर हे वाचून भावनेच्या भरात पिंजऱ्याचं दार उघडू नका. वर्षानुवर्षं न उडालेल्या पक्ष्याला कावळे आणि मांजरं संध्याकाळपर्यंत संपवतात, आणि तुम्ही त्याला ‘मुक्ती’ म्हणाल. वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ला १९२६ वर फोन करा, उपचार केंद्रात त्याचे पंख वाढेपर्यंत त्याला इतर पोपटांबरोबर ठेवता येतं. स्लायडर तलावात टाकू नका. रस्त्यात जखमी घुबड, घोरपड, माकडाचं पिल्लू सापडलं तर घरी नेऊन दूध पाजू नका. असा प्राणी ताब्यात आला की ४८ तासांत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवायचं असतं, नाहीतर गुन्हेगार तुम्ही ठरता. बारावीच्या पोराला नव्वद टक्के पडले तर दुर्बीण घेऊन द्या. पडले नाहीत तरी द्या.